लाडका कुत्रा आणि त्याचे वाढलेले वजन

माणसांच्या आजारांविषयी असलेल्या या सदरात आज कुत्रा कुठून आला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण साधे आहे. शहाड, मोहने, आंबिवली या भागात जुन्या चाळी आणि बैठी घरे जाऊन इमारती आल्या. फ्लॅट आले आणि फ्लॅटबरोबर लॅब्रॅडॉर, पग, पॉमेरेनियनही आले. रक्तदाब तपासायला येणारे पेशंट हल्ली पाच मिनिटे स्वतःविषयी आणि दहा मिनिटे कुत्र्याविषयी बोलतात. मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण लठ्ठपणा हा माझ्या दवाखान्यातला रोजचा विषय आहे, आणि कुत्र्याच्या लठ्ठपणाचे मूळ बहुतेक वेळा कुत्र्यात नसते, ते घरातल्या माणसांत असते.

सेंच्युरीत तीस वर्षे पाळी केलेले एक गृहस्थ माझे जुने पेशंट आहेत. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. घरात मुलगा, सून, नातू आणि सात वर्षांचा लॅब्रॅडॉर, नाव राजा. एकदा साखर तपासून झाल्यावर त्यांनी खिशातून स्वतःच्या सांधेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, राजाला जिना चढवत नाही. मागचे पाय दुखतात त्याचे. यातली अर्धी गोळी दिली तर चालेल ना?’’

मी म्हटले, ‘‘काका, पाव गोळीसुद्धा देऊ नका.’’

हे सर्व वाचकांनी ध्यानात ठेवावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड बिघडवतात, प्रसंगी जीवही घेतात. (डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर आपल्याकडे २००६ साली बंदी आली ती गिधाडांमुळे. हे औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली होती.) काकांना मी पशुवैद्याकडे पाठवले. तिथे राजाचे वजन भरले ४१ किलो. त्याच्या बांध्याला ३१ पुरे होते. क्ष-किरण चित्रात मागच्या सांध्यांची झीज सुरू झालेली दिसली. पशुवैद्यांनी सांगितले की, आधी वजन उतरवा, गोळ्यांचे नंतर पाहू. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा ४१ किलोचा कुत्रा उद्या उभाच राहिला नाही तर त्याला उचलून खाली कोण नेणार, हा प्रश्न त्या घरापुढे खरोखरच होता.

कुत्रा लठ्ठ आहे की नाही हे घरातल्यांना सहसा कळत नाही. रोज डोळ्यांसमोर असतो आणि वरून केस असतात, म्हणून ‘अंगाने भरलाय’ असे म्हणून आपण मोकळे होतो. एक सोपी परीक्षा सांगतो. आपल्या हाताची मूठ वळा आणि वरच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा टोचत असतील तर तो फार वाळलेला आहे. आता हात सरळ पसरा आणि पंजाच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडे दिसत नाहीत, पण सहज लागतात. बरगड्या अशा लागल्या तर वजन योग्य. आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखे, दाबल्याशिवाय हाड लागतच नसेल, तर कुत्रा लठ्ठ. शिवाय वरून पाहिले तर कमर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिले तर पोट मागे वर चढत जावे. राजा वरून पाहिला तर आडव्या ठेवलेल्या पिंपासारखा दिसत होता.

गल्लीतला गावठी कुत्रा सहसा असा दिसत नाही. चिकन सेंटरसमोर मुक्काम ठोकलेला एखादा सोडला तर त्याला पोटासाठी दिवसभर हिंडावे लागते. घरातल्या कुत्र्याला हिंडावे लागत नाही आणि वाट्याला मात्र सगळ्यांचे येते.

हे ‘सगळ्यांचे’ म्हणजे किती, ते पाहण्यासाठी मी काकांच्या सूनबाईंना एक वही करायला सांगितली. तीन दिवस, राजाच्या तोंडात जे जाईल ते लिहायचे. मधुमेहाच्या पेशंटला मी हेच सांगतो, आणि वही आली की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. इथेही तसेच झाले. दुकानातले कोरडे खाद्य सकाळ-संध्याकाळ मिळून पाव किलो. ते एकटेच जवळजवळ ८७५ कॅलरींचे. शिवाय तूप लावलेल्या तीन पोळ्या, म्हणजे साडेतीनशेच्या पुढे. म्हशीचे पाव लिटर दूध, सव्वादोनशे. ग्लुकोज बिस्किटे नातवाची चार, वॉचमनची दोन आणि काकांची सकाळच्या चहाबरोबर चार. एका बिस्किटात साधारण वीस कॅलरी धरल्या तरी दोनशे झाल्या. बेरीज साडेसोळाशेवर गेली.

आता गरज किती? पशुवैद्यकात त्याचे एक सूत्र आहे. त्यानुसार ३१ किलोच्या कुत्र्याला नुसत्या विश्रांतीसाठी दिवसाला सुमारे ९२० कॅलरी लागतात. हिंडणाऱ्या कुत्र्याला अर्थात त्याहून जास्त लागतात. पण राजा सकाळी खाली जाऊन पाय वर करून परत येई, तेवढेच त्याचे हिंडणे. नसबंदी झालेली असल्याने गरज आणखी कमी. (नसबंदी करू नये असा याचा अर्थ नव्हे, नंतर वाटी लहान करावी, एवढाच.)

लॅब्रॅडॉर जातीविषयी थोडे सांगायला हवे, कारण मालकांना वाटते की आपला कुत्रा हावरट आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्यात या जनुकाचा हात असतो. तो निरोपच नीट पोचत नाही, म्हणून असा कुत्रा जेवण झाल्यावरही आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा बघतो. त्याचे ते डोळे खरेच असतात, ढोंग नसते. पण त्या डोळ्यांवरून भूक मोजू नये.

याच जातीच्या ४८ कुत्र्यांवरचा एक दीर्घ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला जन्मभर दिले. कमी खाणारे साधारण तेरा वर्षे जगले, दुसरे सव्वाअकरा. सांध्यांचे दुखणेही कमी खाणाऱ्यांना बरेच उशिरा लागले. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे किती, हे ज्यांनी म्हातारा कुत्रा पाळला आहे त्यांना सांगायला नको.

पशुवैद्यांनी प्रथम राजाचे रक्त तपासले. थायरॉइड मंदावला किंवा अधिवृक्क ग्रंथीचे काम वाढले तरीही कुत्रा फुगतो, म्हणून ही पायरी गाळू नये. अहवाल ठीक आला. मग वजन उतरवण्यासाठीचे, प्रथिने आणि चोथा जास्त असलेले खाद्य दिवसाला २८० ग्रॅम ठरले. नेहमीचेच खाद्य निम्मे केले तर कॅलरींबरोबर प्रथिने आणि क्षारही निम्मे होतात, हे त्यामागचे कारण. वाटीने मोजायचे नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. वरखाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. दूध बंद, पोळी बंद. बिस्किटाऐवजी काकडी, गाजर, उकडलेली फरसबी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी, त्यामुळे पुलाव-भाजीतले उरलेले वाढू नये.

सगळ्यात कठीण गेले ते काकांना. सकाळच्या चहाला ते आणि राजा समोरासमोर बसत. पत्नी होती तेव्हा ती अर्धे बिस्किट राजाला देई, म्हणून तेही देत. मला म्हणाले, ‘‘माझं गोड तुम्ही बंद केलंत, ते सोसलं. आता त्याच्या तोंडचंही काढू?’’ यावर काय बोलणार! मी एवढेच सुचवले की, राजाच्या दिवसभराच्या खाद्यातले वीस दाणे सकाळीच वेगळे काढून काकांच्या हाती द्यावेत, आणि ते चहाच्या वेळी एकेक करून द्यावेत. कुत्र्याला हातातून मिळाल्याचे सुख असते, दाणा कसला आहे याची तो चौकशी करीत नाही. वॉचमनलाही त्याच दाण्यांची डबी दिली.

चालण्याचे मात्र हळू घ्यावे. दुखऱ्या सांध्याच्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पळवू नये. आपल्याकडच्या उकाड्यात तर नाहीच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि लठ्ठ कुत्र्याला तेही जमत नाही. पग असेल तर दुप्पट काळजी घ्यावी. मुरबाड रस्त्यावर वाहने वाढण्याच्या आत, पहाटे सहाच्या सुमारास काका राजाला घेऊन निघू लागले. पहिले पंधरा दिवस दहा मिनिटे, मग वीस, मग बिर्ला मंदिराच्या बाजूने फेरी. रस्ता तापलाय का, हे उलटा हात दहा सेकंद टेकवून पाहावे. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवत नाही.

वजन आठवड्याला एक ते दोन टक्के उतरले की पुरे; त्याहून घाई नको. लहान कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. राजासाठी वाण्याचा पोत्यांचा काटा कामी आला. पहिल्या महिन्यात दोन किलोला थोडे कमी उतरले. मग तीन आठवडे काटा हललाच नाही. माणसांतही असेच होते, आणि पुष्कळ जण नेमके तिथेच सोडून देतात. पशुवैद्यांनी खाद्य वीस ग्रॅमने कमी केले. गणपतीत पाहुण्यांनी मोदक घातले आणि सहाशे ग्रॅम परत चढले. सूनबाईंनी त्या वेळी राजाच्या गळ्यात ‘मला खायला देऊ नका’ अशी पाटी अडकवली. पाहुणे हसले, पण हात आखडले.

आठ महिन्यांनी राजा साडेतेहतीस किलोवर आला आहे. तीन जिने मध्ये एकदा थांबून स्वतः चढतो. वेदनाशामक लागलेच तर पशुवैद्य त्यांच्याकडचे, मोजून देतात. काकांचे तीन महिन्यांचे साखरेचे सरासरी प्रमाण ८.४ वरून ७.३ वर आले, यात माझ्या गोळ्यांचा वाटा किती आणि पहाटेच्या फेरीचा किती, ते मला सांगता येणार नाही.

ज्यांच्या गावात पशुवैद्य लगेच मिळत नाही, त्यांनी निदान वार्षिक रेबीजच्या लशीसाठी जाल तेव्हा कुत्र्याचे वजन करून घ्यावे आणि लशीच्या कार्डावरच लिहून ठेवावे. मुंबईकडे जाणे होत असेल तर परळचे जुने बैलघोडा हॉस्पिटल आहेच. जाताना तीन दिवसांची वही बरोबर न्यावी, आणि तीत वॉचमनची बिस्किटेही लिहिलेली असावीत.