फेस, फॉरवर्ड आणि सल्फेट

खोबरेल तेलात जवळपास निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लापासून बारा कार्बनांची साखळी असलेलं लॉरिल अल्कोहोल बनवतात. त्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया करून कॉस्टिक सोडा घातला की तयार होतं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजेच 'एसएलएस'. शनिवारी रात्री डोक्यावर थापलेलं तेल आणि रविवारी सकाळी ते उतरवणारा शाम्पू या दोघांचं मूळ बरेचदा नारळात, नाहीतर त्याच्याच भाऊबंदांपैकी असलेल्या पाम कर्नलच्या तेलात सापडतं. तेलाला घरात मान आहे. शाम्पूच्या बाटलीवर सल्फेट हा शब्द दिसला की मात्र कपाळावर आठ्या पडतात.

या आठ्यांना एक इतिहास आहे. १९९८च्या सुमारास अमेरिकेत एक ई-मेल फिरू लागली. शाम्पूतल्या सोडियम लॉरेथ सल्फेट या एसएलएसच्या भावंडाने कर्करोग होतो, कारण हे रसायन गॅरेजची फरशी धुवायला वापरतात, असा तिचा मजकूर होता. फरशी धुवायला पाणीही लागतं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. या दाव्याला आधार नाही, असा खुलासा कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थांनी वेळोवेळी केला. पण खुलासा फॉरवर्ड करण्याची पद्धत नाही. ई-मेल गेली, व्हॉट्सअ‍ॅप आलं, मजकूर तोच राहिला.

सल्फेट शाम्पूत आलं ते साबणाच्या एका जुन्या खोडीमुळे. बोअरच्या जड पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर बसतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका तयार करतं, आणि तोच केसांवर बसला की केस राठ दिसतात. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फॅटी अल्कोहोलपासून सल्फेट बनवण्याची रीत बसली आणि जड पाण्यातही फेसाळणारी धुण्याची पावडर बाजारात आली. अमेरिकेच्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने ते तंत्र उचललं आणि १९३४ साली 'ड्रीन' हा साबणाविना बनलेला शाम्पू आणला. आज बाथरूममध्ये दिसणारे बहुतेक शाम्पू त्याच कुळातले आहेत.

काम साधंच आहे. या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, लांब शेपटी तेलाकडे. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून त्यांचे गोळे बनतात. केसांवरचं तेल, घाम, धूळ त्या गोळ्यांच्या पोटात शिरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. असं दुतोंडी काम करणाऱ्या पदार्थाला सर्फॅक्टंट म्हणतात. रिठा आणि शिकेकाईतली सॅपोनिनंही हेच करतात. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना 'नैसर्गिक म्हणजे सौम्य' हे समीकरण पटवणं अवघडच आहे.

अडचण अशी की सल्फेटला मळाचं तेल आणि त्वचेचं स्वतःचं तेल यांतला फरक कळत नाही. त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात केराटिनने भरलेल्या चपट्या पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, विटांमध्ये सिमेंट असावं तसे. एसएलएस हे स्निग्ध पदार्थ उपसतं आणि केराटिनलाही चिकटून त्याची घडण बिघडवतं. मग त्वचेतलं पाणी उडू लागतं, ती ओढल्यासारखी वाटते, लाल होते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की त्वचेचा दाह अभ्यासणारे संशोधक मुद्दाम एसएलएसचं द्रावण छोट्या डबीत घालून कातडीवर चोवीस तास बांधून ठेवतात. 'प्रयोगशाळेत त्वचा जाळायला वापरतात' असं जे फॉरवर्डमध्ये येतं, त्याचं मूळ इथे आहे. फक्त, शाम्पू कुणी चोवीस तास डोक्यावर बांधून ठेवत नाही.

सगळी मेख वेळेत आणि तीव्रतेत आहे. सौंदर्यप्रसाधनांतल्या घटकांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या 'कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू' या तज्ज्ञमंडळाने १९८३ साली हाच निष्कर्ष दिला. थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या उत्पादनांत एसएलएस सुरक्षित, पण त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत ते एक टक्क्यापेक्षा जास्त नको.

ही एक टक्क्याची मर्यादाही सगळ्यांना पुरत नाही, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे 'अ‍ॅक्वियस क्रीम' नावाचं स्वस्त मलम इसब झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं सर्रास सुचवलं जाई. तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून त्यात साधारण एक टक्का एसएलएस असायचं. २०१०च्या सुमारास बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या हातावर ते चार आठवडे लावून पाहिलं, तेव्हा त्वचेचा वरचा थर सुमारे दहाव्या हिश्श्याने पातळ झालेला आढळला. निरोगी त्वचेची ही कथा, तर आधीच फुटलेल्या त्वचेचं काय होत असेल? ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१३ साली या मलमाच्या वेष्टनावर इशारा छापायला लावला. शाम्पूच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांचं अशा मलमाकडे लक्ष जात नाही, हे नवलच.

शाम्पूत हल्ली निव्वळ एसएलएसपेक्षा त्याचं धाकटं भावंड जास्त असतं: सोडियम लॉरेथ सल्फेट, 'एसएलईएस'. लॉरिल अल्कोहोलला आधी इथिलीन ऑक्साइडची जोड देऊन मग सल्फेट केलं की रेणू मोठा होतो आणि त्वचेला कमी बोचतो. नवी मुंबईत मुख्यालय असलेली गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी तारापूर, तळोजासारख्या ठिकाणी असे घटक बनवते आणि ते देशोदेशीच्या शाम्पूंत जातात. एसएलईएस बहुधा सत्तर टक्के तीव्रतेच्या चिकट पेस्टच्या रूपात पिंपांत येतं. शाम्पूच्या कारखान्यात ते पाण्यात कालवतात, त्याचा तिखटपणा आणखी कमी करण्यासाठी कोकामिडोप्रोपिल बीटेन घालतात आणि शेवटी चक्क मीठ टाकतात. मिठाने ते पाणचट द्रावण मधासारखं दाट होतं. मीठ जास्त पडलं तर पुन्हा पातळ. दाट शाम्पू म्हणजे कसदार शाम्पू असं मानून बाटली हलवून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने हे जाणून घ्यायला हरकत नाही.

इथिलीन ऑक्साइडच्या जोडणीत १,४-डायॉक्सेन नावाचा नको असलेला पदार्थ अत्यल्प प्रमाणात तयार होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवलं आहे. त्या जुन्या ई-मेलमध्ये तथ्याचा कण शोधायचाच तर तो एवढाच, आणि तोही सल्फेटचा नसून अशुद्धीचा. ही अशुद्धी निर्वात प्रक्रियेने काढून टाकता येते. न्यूयॉर्क राज्याने २०२२च्या अखेरीपासून सौंदर्यप्रसाधनांत तिची मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग अशी ठरवली. कायद्याने बाटलीवरचं नाव न बघता आतली अशुद्धी मोजायला घेतली, हे उत्तम झालं.

टूथपेस्टमधलं एसएलएस साधारण एक-दोन टक्के असतं. दात घासल्याबरोबर संत्रं खाल्लं तर कडवट लागतं, त्याचा दोष बहुतेक त्याच्याकडे जातो. वारंवार तोंड येणाऱ्यांसाठी मात्र ते खरंच विचारात घेण्याजोगं आहे. नॉर्वेत १९९०च्या दशकात झालेल्या छोट्या चाचण्यांत एसएलएस नसलेली पेस्ट वापरणाऱ्यांना तोंडात फोड कमी आले. नंतरच्या काही चाचण्यांत फरक दिसला, काहींत नाही. दोन-तीन महिने पेस्ट बदलून पाहण्यात काही बिघडत नाही.

'सल्फेट-फ्री' बाटलीचं काय? रंगवलेले किंवा अतिशय कोरडे, कुरळे केस, इसब, नाजूक टाळू असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. पण मागची बारीक अक्षरं वाचावीत. भारतात घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, एक टक्क्याखालचे घटक तेवढे शेवटी कसेही येतात. पाण्यानंतर लगेच सोडियम ओलेफिन सल्फोनेट दिसलं तर सल्फेट गेलं, पण त्याच्या जागी आलेला गडी तितकाच जोरकस आहे. 'नैसर्गिक' साबणवडीवरचं सोडियम कोको सल्फेट म्हणजे तर मुख्यतः एसएलएसच, नाव तेवढं नारळाचं. आणि ज्या बीटेनला सौम्य म्हणून गौरवलं जातं, त्याला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक' ठरवलं होतं.

आठवड्यातून दोनदा तेल लावून चोपडे केस धुणाऱ्यांना सल्फेटवालाच शाम्पू सोयीचा पडतो. सौम्य शाम्पू तीनदा चोळावा लागला तर सौम्यपणाचा लाभ कुठे राहिला? मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं की केस धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते, कारण हे तेल केसाच्या आत शिरतं. ही कंपनी खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही ती माहिती कामाची आहे.