खंडेनवमी आणि हत्यारांची पारख

आश्विन शुद्ध नवमीस दुर्गाडीवर देवीच्या दर्शनाला रीघ लागलेली असते, त्याच वेळी खाली कल्याण शहरात सुतार, लोहार, गवंडी आपापली हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडतात. ज्या खाडीकाठी सतराव्या शतकात शिवछत्रपतींच्या आरमाराची जहाजे बांधली गेली, त्या गावाला हत्याराचे मोल सांगावयास नको.

अमरकोशात लाकूड तोडणाऱ्या हत्याराला निराळे नाव आहे आणि पाषाण फोडणाऱ्या ‘टंका’ला निराळे. त्या टंकाचीच आपली टाकी, ‘करपत्रा’ची करवत. ही केवळ कोशकाराची हौस नव्हे. जे हत्यार ज्या पदार्थासाठी घडले, तेथेच ते चालवावे, हा कारागिराचा व्यवहार त्या शब्दांत उतरला आहे.

आज डोंबिवलीपर्यंत उठणाऱ्या इमारतींवर या व्यवहाराचा विसर पडलेला दिसतो. लोखंड घासण्याच्या विजेच्या ग्राइंडरला लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवितात. लाकडात दात अडकला की यंत्र उसळून थेट कारागिराच्या अंगावर येते. मोठी चकती मावावी म्हणून वरचे संरक्षक कवच काढून टाकतात. वस्तुतः चकतीवर तिच्या वेगाची मर्यादा छापलेली असते. मोठ्या चकतीची मर्यादा कमी, लहान यंत्राचा वेग अधिक. अशी जोडी जमविली तर चकती फुटते आणि तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

साध्या हत्यारांचीही हीच कथा. घाव खाऊन खाऊन छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याची कपची उडून डोळ्यात जाते. ते डोके वेळीच घासून सारखे करावे. हातोड्याचा सैल दांडा सुतळीने आवळू नये, पाचर ठोकावी. चिरलेला असल्यास बदलावा. नटाला बसेल तोच पाना घ्यावा. मोठा पाना घेऊन फटीत पत्रा भरणे ही युक्ती नव्हे, बोटे चेचून घेण्याची तयारी होय.

दोष मजुराच्या माथी मारणे सोपे असते. परंतु रोजंदारीचा माणूस नवी चकती कोठून आणणार? तो खर्च कंत्राटदाराचा. पूजेच्या पेढ्यांआधी त्याने तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून नवमीस हत्यारे पुसतानाच ती उजेडात धरून पाहावीत. तडकलेली चकती, सोललेली वायर, फुटलेला प्लग पाटावर मांडू नये, बाजूला काढावा. आणि दसऱ्यानंतर यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यास बांधलेली झेंडूची माळ आठवणीने सोडवावी, कारण फिरत्या भागात दोरा गुंतला तर हातही ओढला जातो.