अंगावरची मुद्रा आणि तिचे मोल

दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि मगच त्यात पहिली नोंद होते. हुंडीवरची पेढीची मोहोर, मालाच्या गाठीवरची छाप, बँकेतील नमुना सही यांचे महत्त्व व्यापारी घराला शिकवावे लागत नाही. अशाच घरातील विशीतला मुलगा एके दिवशी मनगटावर कवटी गोंदवून घेण्याची परवानगी मागतो, तेव्हा मात्र घरात वादळ उठते. आजोबांना त्या आकृतीत अमंगळ दिसते, आईला उद्याच्या सोयरिकीची चिंता लागते आणि मुलगा म्हणतो की, हे तर केवळ आवडत्या रॉक बँडचे चिन्ह आहे. तिघांच्या डोळ्यांपुढे आकृती एकच असते, पण प्रत्येक जण तिचा निराळा अर्थ वाचत असतो.

या वादात कोणाचे बरोबर हे ठरविण्यापूर्वी अशी चिन्हे आली कोठून आणि त्यांना अर्थ कसा प्राप्त झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

कालीमातेची जीभ

१९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाश या विद्यार्थ्याकडे ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडचे काम आले. बँडचा गायक मिक जॅगर याने त्याला कालीमातेचे एक चित्र दाखविले. त्या चित्रातील बाहेर आलेली जीभ विद्यार्थ्याच्या मनात भरली आणि त्यातून लाल ओठ व लाल जिभेची ती जगप्रसिद्ध आकृती तयार झाली. १९७१ मधील ‘स्टिकी फिंगर्स’ या ध्वनिमुद्रिकेबरोबर ती लोकांसमोर आली.

बंगालमध्ये कालीच्या जिभेचा अर्थ लोक असा सांगतात की, पतीच्या अंगावर पाय पडल्याचे ध्यानी येताच देवीने लाजून जीभ चावली. लंडनच्या तरुणांनी त्याच जिभेत वडीलधाऱ्यांना वेडावून दाखविण्याचा आनंद शोधला. लज्जेचे चिन्ह उद्दामपणाचे चिन्ह झाले. एप्रिल २००३ मध्ये हा बँड मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायला, तेव्हा ती जीभ जणू प्रवास पूर्ण करून कालीच्या देशात परतली होती.

या चिन्हाचा जमाखर्चही पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्याला आरंभी मिळाले ५० पौंड आणि १९७२ मध्ये आणखी २००. पुढे १९८०च्या दशकात त्याने स्वामित्वहक्क बँडला २६ हजार पौंडांना विकले. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मूळ चित्र ९२,५०० डॉलर मोजून विकत घेतले. रेषा त्याच होत्या. वाढली ती त्यांच्यामागची पत. पेढीचे नाव जसे फलकामुळे मोठे होत नाही, व्यवहारामुळे होते, तसेच चिन्हाचेही आहे.

आजीने काढलेली दृष्ट

तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटे अंगठ्याखाली दाबलेली : रॉक संगीताच्या मैफलीत हजारो हात असे वर जातात. अनेक पालकांना त्यात सैतानाची शिंगे दिसतात. ही मुद्रा हेवी मेटल संगीतात रूढ केली ती रॉनी जेम्स डिओ या गायकाने. १९७९ मध्ये तो ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडमध्ये आला. त्याच्या आधीचा गायक ऑझी ऑस्बॉर्न दोन बोटांनी शांततेची खूण करीत असे. तीच उचलणे डिओला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने आपल्या इटालियन आजीची खूण घेतली. आजी ती मुद्रा वाईट नजर टळावी म्हणून करीत असे. आपल्याकडे मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढतात आणि बाळाला काजळाची तीट लावतात, त्याच जातीचा हा प्रकार होय. ज्या खुणेला एका घरातील आजी घाबरते, ती दुसऱ्या घरातील आजीने नातवाच्या रक्षणासाठी केलेली होती!

या मुद्रेच्या व्यापाराचाही प्रयत्न झाला. २०१७ मध्ये ‘किस’ या बँडच्या जीन सिमन्स याने अशाच, पण अंगठा बाहेर काढलेल्या मुद्रेवर व्यापारचिन्ह मिळावे म्हणून अमेरिकेत अर्ज केला. अमेरिकेतील कर्णबधिरांच्या भाषेत तीच खूण ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे सांगते. चोहीकडून टीका झाली आणि काही दिवसांतच अर्ज मागे घेण्यात आला. जी खूण लाखो लोक आपली मानतात, तिच्यावर एकाची मालकी चालत नाही.

कवटी आणि गुलाब

आता आरंभीच्या कवटीकडे वळू. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे चाहते गुलाबांनी वेढलेल्या कवटीचे चिन्ह फार प्रेमाने बाळगतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली या दोन चित्रकारांनी ते या बँडच्या मैफलीच्या भित्तिपत्रकासाठी वापरले. मूळ चित्र मात्र एडमंड सलिव्हन या इंग्रज चित्रकाराने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेले होते. खय्यामच्या काव्याचा एक मुख्य सूर क्षणभंगुरतेचा आहे. आज फुललेला गुलाब उद्या नाही, आणि तो हुंगणाराही नाही.

बारा भावनांपैकी पहिली अनित्य भावना ज्यांनी पाठ केली आहे, त्या आजोबांना हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही. फक्त तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो, आणि बहुधा नातवालाही ठाऊक नसतो. नातवासाठी ते चिन्ह म्हणजे आपल्यासारखीच आवड असणाऱ्यांची ओळख. अनोळखी शहरात एखाद्याच्या सदऱ्यावर ती कवटी दिसली की बोलणे सुरू होते. मुख्य समाजात राहूनही आपली वेगळी भाषा, वेश आणि खुणा सांभाळणाऱ्या अशा गटाला अभ्यासक उपसंस्कृती म्हणतात. एकाकी वाटणाऱ्या वयात असा गट मिळणे ही तरुणाची खरी गरज असते. तिची टवाळी करून ती नाहीशी होत नाही.

ज्या चिन्हाचा खेळ महागात पडला

चिन्हाची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. १९७६च्या सुमारास लंडनमध्ये पंक संगीताची लाट आली. बेकारीने त्रस्त तरुणांनी फाटके कपडे आणि सेफ्टी पिना मिरवून आपला निषेध नोंदविला. त्यांच्यातील काहींनी नाझींचे चिन्ह असलेल्या पट्ट्या दंडावर बांधल्या. सूझी सू आणि सिड व्हिशस ही नामवंत मंडळीही त्यांत होती. महायुद्ध लढलेल्या वडिलांच्या पिढीला डिवचणे, एवढाच अनेकांचा हेतू होता. परंतु वंशद्वेष्टे गट ते चिन्ह गांभीर्यानेच घेत होते आणि तेही मैफलींना येऊ लागले. वंशद्वेषाला उत्तर म्हणून १९७६ मध्येच ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी तिचा प्रचंड मोर्चा ट्रॅफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत गेला आणि तेथे ‘द क्लॅश’ या पंक बँडनेच गायन केले.

जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हांचा प्रसार हा गुन्हा आहे. तेथे पंक चाहत्यांसाठी बिल्ले आणि सदरे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने नाझी चिन्हावर काट मारलेला, म्हणजे नाझीविरोधी, माल विकला. तरीही २००६ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने त्याला ३,६०० युरो दंड केला. मार्च २००७ मध्ये सर्वोच्च पातळीवरील संघीय न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले, कारण विरोध स्पष्ट दिसत होता. हेतू शुद्ध असूनही व्यापाऱ्याला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या मुलांसाठी या घटनेचे मोल अधिक आहे. स्वस्तिक हे सातव्या तीर्थंकरांचे, भगवान सुपार्श्वनाथांचे लांछन आहे. त्याच्या चार भुजा देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी या चार गती दर्शवितात. धर्मप्रेमाने एखाद्या मुलीने ते मनगटावर गोंदविले आणि ती पुढे शिक्षणासाठी युरोपात गेली, तर समोरची वृद्ध स्त्री त्यात चार गती वाचणार नाही. तिला गमावलेले आप्त आठवतील. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालताना जैन, बौद्ध आणि हिंदू परंपरेतील स्वस्तिकाला सूट दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. कायदा संदर्भ पाहतो. रस्त्यावरचा माणूस मात्र संदर्भ विचारायला थांबेलच असे नाही.

त्वचेवरची शाई

गोंदणे आपल्याला नवे नाही. गावाकडच्या अनेक आजींच्या हातावर तुळस किंवा आप्ताचे नाव असे. मरणानंतर सोबत येणारा हा एकच दागिना, अशी त्यामागची श्रद्धा. आजचे यंत्र मात्र कार्यालयातून आले आहे. कागदांच्या प्रती काढण्यासाठी एडिसनने केलेल्या विद्युत लेखणीच्या आधारे न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने १८९१ मध्ये गोंदणयंत्राचे पेटंट घेतले.

सुई शाई त्वचेच्या आतल्या थरात सोडते, म्हणून ती धुऊन जात नाही. लेसरने काढायची तर अनेक बैठका लागतात आणि तरीही खूण राहू शकते. सुई नवी व निर्जंतुक नसेल तर रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका असतो. गोंदल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हे समाजाच्या शिबिरांत दरवर्षी रक्त देणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे. आणखी एक बाब अहिंसा पाळणाऱ्या घरांसाठी विशेष आहे : काही काळ्या शाईंत जनावरांच्या हाडांचा कोळसा असतो, तर काहींत प्राणिजन्य ग्लिसरीन किंवा लाखेपासून केलेले शेलॅक. वनस्पतिजन्य शाईही मिळते. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

तारण देण्यापूर्वी

बँक कर्ज मंजूर करताना मालमत्तेचा मागचा इतिहास तपासते. येथे तर स्वतःची त्वचाच तारण द्यायची आहे. तरुणांनी तीन प्रश्न विचारावेत. हे चिन्ह प्रथम कोणी आणि कशासाठी काढले? आज ते कोण कोण बाळगतात? आपण जेथे शिकायला, व्यापाराला किंवा संसाराला जाणार, तेथे ते कसे वाचले जाईल? उत्तरे मिळाल्यावरही वर्षभर ते चिन्ह सदऱ्यावर घालून पाहावे. वर्षानंतर ओढ तशीच राहिली, तर निर्णय विचारपूर्वक झाला असे म्हणता येईल.

वडीलधाऱ्यांसाठी एकच प्रश्न आहे, आणि तो रागावण्यापूर्वी विचारायचा आहे : ‘बाळा, याचा अर्थ काय?’ मुलाला उत्तर येत असेल तर घराला काही नवे कळेल. येत नसेल तर तो स्वतःच थांबून शोध घेईल.

देरासरात रोज सकाळी पाटावर अक्षतांचा स्वस्तिक काढला जातो. वर ज्ञान, दर्शन आणि चारित्र्याच्या तीन ढिगल्या, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. दर्शन झाले की तांदूळ गोळा होतात, पाट रिकामा होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच आकृती पुन्हा नव्या भावाने मांडली जाते. त्वचेवर कोरलेले चिन्ह पुसून पुन्हा मांडण्याची ही सवलत देत नाही. म्हणून ते कोरण्यापूर्वीच त्याचा अर्थ मनात पुरता मांडून पाहिलेला असावा.