गतीला दिशा देणारे रसायन

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात एक नियम पाठ करावा लागतो. दोन कार्बन अणू एकेरी बंधाने जोडलेले असतील, तर त्या बंधाभोवती रेणूचे दोन भाग मोकळेपणाने फिरू शकतात. बंध दुहेरी असेल, तर तसे फिरता येत नाही. विद्यार्थ्याच्या लेखी या नियमाची किंमत बहुधा एका लहानशा प्रश्नाच्या गुणांइतकीच असते. परंतु नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात बेन फेरिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जी मोटर जगापुढे मांडली, तिचा आस हाच न फिरणारा दुहेरी बंध आहे. ही मोटर म्हणजे एकच रेणू. तिला तारा नाहीत, गुंडाळी नाही, तेल नाही. ती प्रकाशावर फिरते, आणि एकाच दिशेने फिरते.

या शोधाचे मर्म शेवटच्या चार शब्दांत आहे. रेणूंना गती द्यावी लागत नाही. ती त्यांच्या ठायी उपजतच असते. पेल्यातील पाणी स्थिर दिसते, पण त्याचे रेणू अखंड धावत, आदळत आणि गरगरत असतात. अडचण आहे ती दिशेची. जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसाला चहूबाजूंनी धक्के बसतात. तो सारखा हलत राहतो, परंतु कोठेही पोचत नाही. रेणूची अवस्था नेमकी अशी असते.

मग रेणूला एखादा खटका बसवला तर? घड्याळाला किल्ली देताना चक्र उलटे फिरू नये म्हणून आत जसा खटका असतो, तसा? ही युक्ती वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु रिचर्ड फाइनमन यांनी १९६० च्या दशकातील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत तिचे वैयर्थ्य दाखवून दिले. सर्वत्र तापमान सारखे असेल, तर तो चिमुकला खटकाही त्याच धक्क्यांनी उडत राहतो आणि चाक जितके पुढे, तितकेच मागे जाते. उष्णतेच्या गोंधळातून फुकट काम करून घेता येत नाही. दिशा हवी असेल, तर बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. आणि ती अशा रीतीने पुरवावी लागते, की रेणूची परतीची वाट बंद व्हावी.

प्रकाशाने रेणू वळवण्याची किमया निसर्गाला फार पूर्वीपासून साधलेली आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलात रेटिनल नावाचा रेणू असतो. प्रकाश पडताच त्याच्या एका दुहेरी बंधाभोवतीची रचना पालटते, आणि दिसण्याच्या क्रियेचा आरंभ तेथे होतो. या संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु रेटिनल ही मोटर नव्हे. ते विजेच्या दिव्याचे बटन आहे. बटन एकदा दाबले, की पुन्हा दाबण्यासाठी ते पूर्वस्थितीला आणावे लागते. पंखा मात्र पुढेच जात पुन्हा आरंभस्थानी येतो. बटनापासून पंख्यापर्यंतचे हे अंतर फेरिंगांच्या रेणूने पार केले.

त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. दुहेरी बंधाच्या दोन टोकांना कार्बनच्या कड्यांचे दोन मोठे भाग जोडलेले आहेत. दोघांना मिळून जागा इतकी अपुरी, की ते सपाट राहूच शकत नाहीत; पंख्याच्या पात्यांप्रमाणे पिळले जातात. प्रत्येक भागावर एक मिथिल गट अशा बाजूला बसवलेला आहे, की त्यामुळे पीळ उजवा की डावा हे ठरून जाते. अतिनील प्रकाश पडला, की दुहेरी बंध क्षणभर सैल होतो आणि एक भाग सुमारे अर्धी फेरी फिरतो. मात्र आता ते मिथिल गट अडचणीच्या जागी येऊन पडतात आणि सारा रेणू ताणाखाली येतो. तेव्हा भोवतालची उष्णता कामाला येते. तिच्या धक्क्यांनी दोन्ही भाग एकमेकांना घासून पलीकडे निसटतात व ताण उतरतो. उलट जाणे मात्र जवळजवळ अशक्य होते. मग पुन्हा प्रकाश, पुन्हा उष्णता, आणि चार पायऱ्यांत एक फेरी पूर्ण! प्रकाशाने उघडलेले दार उष्णता मागून लावून घेते. जी उष्णता एरवी केवळ गोंधळ माजवते, तिलाच येथे राखणदाराचे काम दिलेले आहे. आणि अंधारात रेणू आहे त्या स्थितीत टिकून राहतो, याचे श्रेय पाठ्यपुस्तकातील त्या नियमालाच आहे.

हे एका रात्रीत घडले नाही. अशा दाटीच्या, पिळलेल्या रेणूंवर फेरिंगा यांनी १९७० च्या दशकात, डॉक्टरेटचे विद्यार्थी असताना, हान्स वाइनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले होते. तेथून मोटरीपर्यंत यायला दोन दशके लागली. पहिली मोटरही मंद होती. उष्णतेच्या एका पायरीसाठी तिला ६० अंश सेल्सियस तापमान लागे. प्रकाशाची पायरी क्षणार्धात होते, वेळ खातो तो हा निसटण्याचा भाग, हे ध्यानात आल्यावर रचनेत फेरफार सुरू झाले. सहा अणूंच्या एका कड्याच्या जागी पाच अणूंचे कडे घातले, की दाटी कमी होऊन निसटणे सोपे होते. अशा सुधारणा होत होत २०१४ साली वेग सेकंदाला १ कोटी २० लाख फेऱ्यांपर्यंत गेला. त्याआधी २००६ साली द्रवस्फटिकाच्या पातळ थरात केवळ एक टक्का मोटर-रेणू मिसळून, थरावर ठेवलेली २८ मायक्रोमीटर लांबीची काचेची कांडी प्रकाशाने फिरवून दाखवण्यात आली. ही कांडी मोटरीच्या सुमारे दहा हजार पट मोठी होती. २०१६ साली ज्याँ-पिएर सोव्हाज व फ्रेझर स्टॉडार्ट यांच्यासह फेरिंगा यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नेहमीचा प्रश्न येतो: याचा उपयोग काय? २०१७ साली काही संशोधकांनी अतिनील प्रकाशात अशा मोटरींनी पेशींची पटले भेदून दाखवली आणि औषधोपचाराच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु अतिनील किरण निरोगी पेशींनाही अपाय करतात. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या मोटरी घडवण्याचे काम चालू आहे. शिवाय असंख्य मोटरींचे इवलेसे श्रम एकत्र जोडून मोठे काम करून घेणे, हेही सोपे नाही. नोबेल समितीने या मोटरींची तुलना १८३० च्या दशकातील विजेच्या मोटरीशी केली, ती यथार्थ आहे. त्या काळी प्रयोगशाळेत गरगरणारी चाके पाहणाऱ्यांना घरोघरीचा पंखा दिसणे शक्य नव्हते.

म्हणूनच ‘उपयोग काय’ हा प्रश्न गैर नसला, तरी तो फार लवकर विचारणे घातक ठरते. १९७० च्या दशकात त्या पिळलेल्या रेणूंचा उपयोग विचारला असता, तर मोटर हे उत्तर कोणालाच देता आले नसते. आणि उत्तर नाही म्हणून काम थांबवले असते, तर मोटर झालीच नसती. संशोधनाचा हिशेब दोन-तीन वर्षांच्या मुदतीत मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. वर्गातही हीच गोष्ट लागू आहे. दुहेरी बंधाभोवती रेणू फिरत नाही, हे फळ्यावर लिहिल्यावर एखाद्या मुलाने ‘का फिरत नाही?’ आणि ‘फिरवायचाच झाला तर?’ असे विचारले, तर तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून बाजूला सारू नये. त्या प्रश्नाला एकदा मिळालेले उत्तर आज प्रयोगशाळेत फिरत आहे.