गाडी विकली, पण नाव कोणाचे?

मोटार विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याला किल्ली मिळाली, मुद्रांकावर दोन साक्षीदारांसह करारनामा झाला, की व्यवहार आटोपला असे सर्रास मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा व्यवहाराचा केवळ पूर्वार्ध संपलेला असतो. नोंदणी पुस्तिकेवर, म्हणजे आर. सी. बुकावर, नवे नाव चढेपर्यंत त्या गाडीच्या भल्याबुऱ्याची जबाबदारी जुन्या मालकाच्याच शिरावर राहते.

नांदेडच्या एखाद्या गृहस्थाने आपली एमएच-२६ क्रमांकाची मोटार लातूरच्या ग्राहकाला विकली, असे समजू. ग्राहक म्हणतो, 'सह्या करून ठेवा, नावावर नंतर करून घेतो.' विक्रेता कोऱ्या अर्जांवर सह्या करतो आणि निश्चिंत होतो. वर्षभरात तीच गाडी उदगीर किंवा निलंग्याला तिसऱ्याच्या हाती जाते. नियमभंगाची ई-चलने मात्र नांदेडच्या मूळ मालकाच्या भ्रमणध्वनीवर येत राहतात. दंडाचे एकवेळ निभावते; अपघात झाला तर गोष्ट वेगळ्याच थराला जाते.

सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार, ज्याच्या नावाने वाहनाची नोंदणी आहे तोच त्याचा 'मालक' होय. या व्याख्येचा कस 'नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार' या प्रकरणात लागला. नोंदणीकृत मालकाने आपली मोटार जुलै २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती आणखी हातांतून फिरली. पण नोंदणी पुस्तिकेवरील नाव कोणीच बदलले नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एका बालकाचा मृत्यू झाला. गाडी आपण केव्हाच विकली, ताबाही आपल्याकडे नव्हता, हा मूळ मालकाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी अमान्य केला. नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदारांचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मालकाने दिलेली रक्कम पुढच्या खरेदीदाराकडून वसूल करण्याचा प्रश्न त्यानंतरचा. करारनामा त्या वादात पुरावा म्हणून उपयोगी पडेल. अपघातग्रस्तासमोर ढाल म्हणून नव्हे.

मुदती दोघांनाही

अधिनियमाच्या कलम ५० ने दोन्ही पक्षांवर स्वतंत्र कर्तव्ये टाकली आहेत. वाहन राज्यातच नोंदलेले असेल तर विक्रेत्याने हस्तांतरणापासून १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे आणि त्याची प्रत खरेदीदाराला द्यायची. वाहन परराज्यात नोंदलेले असल्यास ही मुदत ४५ दिवसांची आहे. खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या निवासाच्या कार्यक्षेत्रातील परिवहन कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. म्हणजे वरील उदाहरणात अर्ज लातूरच्या कार्यालयाकडे जाईल. वाहन महाराष्ट्रातच राहत असल्याने एमएच-२६ हा क्रमांक बदलत नाही. बदलते ते नाव आणि पत्ता.

विक्रेत्याची सूचना नमुना क्रमांक २९ मध्ये, दोन प्रतींत; तर हस्तांतरणाचा अर्ज नमुना क्रमांक ३० मध्ये द्यावा लागतो. सोबत मूळ नोंदणी पुस्तिका, चालू विमापत्र, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि खरेदीदाराच्या पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज आता परिवहन विभागाच्या 'वाहन' संकेतस्थळावरून भरता येतात.

गाडी कर्जावर घेतलेली असेल तर पुस्तिकेवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे पत्र आणि नमुना क्रमांक ३५ सादर करावा लागतो. कर्ज चालू असल्यास वित्तपुरवठादाराच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतरण होऊ शकत नाही. मालकाचा मृत्यू झाला असल्यास वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवून तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. दिवंगताच्या नावावरील गाडी वारसाने परस्पर विकणे हा दोन्ही पक्षांसाठी आपत्तीला निमंत्रण देणारा मार्ग आहे.

सीमेपलीकडची गाडी

नांदेड जिल्ह्याला तेलंगणाची, तर लातूर जिल्ह्याला कर्नाटकाची सीमा लागून आहे. हैदराबाद वा बिदरकडची गाडी स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांनी हिशेब पूर्ण करावा. राज्याबाहेरच्या हस्तांतरणासाठी मूळ नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना क्रमांक २८, आवश्यक असते. बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन येथे ठेवायचे तर नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो पाठपुरावा सोपा नसतो. तेलंगणाच्या जुन्या गाड्यांवर 'एपी' वा 'टीएस' ही अक्षरे आढळतात. राज्याची स्थापना जून २०१४ मध्ये झाली आणि २०२४ पासून नव्या वाहनांना 'टीजी' मिळू लागले. अक्षरे जुनी असली तरी नोंद नेमकी कोणत्या कार्यालयात आहे, ते पाहूनच पैसे द्यावेत.

विम्याचा घोटाळा

बहुतेक खरेदीदार फसतात ते येथे. कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा वाहनासोबत नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच हा फरक अधोरेखित केला होता. म्हणून खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करणे अत्यावश्यक आहे. तो केला नाही आणि गाडी चोरीस गेली, तर हप्ता चालू असूनही दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. विनादावा सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, ही गाडीची नसून विक्रेत्याची असते. ती त्याने आपल्याकडे राखून ठेवावी; खरेदीदाराने फरकाची रक्कम भरावी.

मध्यस्थामार्फत विकताना

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गाडी सोडून येणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत जोखमीचा प्रकार. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू केली. त्यानुसार परिवहन प्राधिकाऱ्याने अधिकृत केलेल्या व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना नमुना क्रमांक २९-सी मध्ये दिली, की तो व्यापारी त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो. त्यामुळे 'तुमच्याकडे अधिकारपत्र आहे काय?' हा प्रश्न विक्रेत्याने किमतीच्या आधी विचारावा.

खरेदीदाराने इसार देण्यापूर्वी नोंदणीची मुदत, बोजा, थकीत चलने व कर संकेतस्थळावर तपासावेत आणि सांगाडा व इंजिनाचे क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहावेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे की नाही, हेही पाहावे. विक्रेत्याने कोऱ्या अर्जावर सही करू नये. गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहून पोच घ्यावी, सर्व कागदांच्या छायाप्रती ठेवाव्यात, आणि महिन्याभरानंतर संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव बदलल्याची खात्री करावी. नवे नाव तेथे दिसेल, त्याच दिवशी गाडी खऱ्या अर्थाने विकली गेली असे समजावे.