हिरवळीच्या जागी रानफुले

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. नावातली ही बाग पेरिन नामक इंग्रज जहाजमालकाची, असे सांगतात. १७५२ साली ती अडीच हजार रुपयांस विकली गेली आणि पुढे तेथे बंदुकीची दारू तयार होऊ लागली. मराठी माणसास या वस्तीची आणखी एक ओळख आहे. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ साली शहराभोवती खणावयास घेतलेला खंदक येथूनच सुरू होत असे. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाले, आणि मराठे तर कलकत्त्यावर आलेच नाहीत. खंदक बुजला, तरी एका गल्लीने त्याचे नाव राखले आहे.

आज बागबाजारात बाग शोधावी लागते. बहुतेक घरांचे ओटे थेट रस्त्यावर उतरतात. ज्या थोड्या घरांपुढे हातभर जमीन उरली आहे, तेथे काय लावावे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे.

शोभेसाठी कापलेली हिरवळ ही इंग्लंडच्या हवेची निर्मिती होय. तेथे ऊन सौम्य, पाऊस बारा महिने रिमझिम. बंगालमध्ये वर्षाला १६०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा गवत कापता पुरवत नाही. चैत्र-वैशाखात तेच पाण्यावाचून करपते. गंमत अशी, की साहेबांच्या बंगल्यांपुढील हिरवळ बहुधा आपल्या दूर्वांचीच असे. गणपतीला वाहावयाची आणि बंगाली आशीर्वादात धान्यासह मस्तकी ठेवावयाची ही वनस्पती. तिला फुलू न देता सतत छाटत राहणे, एवढेच त्यात विलायती होते.

आता इंग्रजांच्याच घरी विचार पालटला आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १७७२ पासून राखलेल्या हिरवळीच्या एका भागात अलीकडे रानफुलांचे कुरण केले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कापलेल्या हिरवळीच्या तुलनेत तेथे वनस्पती, कोळी व किडे यांच्या जाती तिपटीहून अधिक आढळल्या.

मात्र केंब्रिजचे बी बागबाजारात आणून उपयोग नाही. बंगालच्या पडीक जमिनीत न पेरता उगवणारे पुष्कळ आहे. आपण जिला तुंबा म्हणतो, ती तेथे दंडकलस. तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. ओलीत माका, कुंपणावर गोकर्ण. रुई तेथे आकंद होते. तिच्या पानांवर वाढणारे सुरवंट तिचे विष अंगी साठवितात; त्यामुळे पुढे त्यांची केशरी फुलपाखरे झाली, तरी पक्षी त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. घेंटू, म्हणजे आपल्याकडील भांडीर, फाल्गुनात पांढऱ्या गुच्छांनी फुलते आणि त्याच महिन्याच्या संक्रांतीला त्वचारोगांच्या घेंटू देवाची पूजा होते. शरदात डोलणारे काश मोहक खरे, पण त्याची मुळे जमिनीखालून पसरतात. लहान अंगणात ते न लावलेले बरे.

जमीन वैशाखात तयार करावी. दूर्वांची मुळे खणून उन्हात वाळवावी, कारण राहिलेला तुकडाही पावसात फुटतो. खत घालू नये. कसदार मातीत दांडगे गवत माजते आणि नाजूक फुले दबतात. नदीकाठच्या पडीक जागेतून जमविलेले बी वाळूत मिसळून ज्येष्ठातील पहिल्या सरींनंतर फेकावे. चालावयास दूर्वांची एक वाट मात्र ठेवावी.

शेजारी यास आळस म्हणतील, डासांची आणि सापांची भीती घालतील. ती सर्वस्वी निराधार नव्हे. कुंडीत, फुटक्या भांड्यात पाणी साचू देता कामा नये, आणि दाराजवळचा पट्टा मोकळा हवा. पहिल्या वर्षी गाजरगवत व घाणेरी उपटण्यास हिरवळीइतकेच श्रम पडतात. घाणेरी हीही बागेतूनच पळालेली परदेशी पाहुणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी शिबपूरच्या वनस्पती उद्यानात आली होती.

कापणी वर्षातून एकदाच, मार्गशीर्षात, बी पक्व झाल्यावर करावी. कापलेले दोन-तीन दिवस तेथेच पडू द्यावे, म्हणजे बी झडते. मग काडी उचलावी. घेंटूच्या कोपऱ्यास त्या वेळी विळा लावू नये. त्याची फुले अजून यावयाची असतात.