जुनी पट्टा-करवत घेताना

माठ विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. आवाज खणखणीत आला तर माठ चांगला. बद्द आला तर कोठेतरी चीर आहे, असे समजतो. जुने यंत्र घेतानाही हीच परीक्षा कामी येते.

पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूर तालुक्यात लोणी देवकर हे गाव आहे. समजा, तेथील एका सुताराला वखारीतली जुनी पट्टा-करवत, म्हणजे बँडसॉ, स्वस्तात मिळत आहे. ती घ्यावी काय?

या यंत्रात एकावर एक अशी बिडाची दोन मोठी चाके असतात व त्यांवरून दातेरी पोलादी पट्टा अखंड फिरतो. विल्यम न्यूबेरी याने १८०८ साली इंग्लंडमध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्या काळचे पट्टे सांध्यावर तुटत, म्हणून बरीच वर्षे ते मागे पडले.

चाकाचा व्यास ९० सें.मी. असून ते मिनिटास ६०० फेरे घेते असे धरू. परिघ ३.१४ × ०.९ = २.८३ मीटर. सेकंदास १० फेरे, म्हणून कडेचा वेग सेकंदास सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला! एवढा वेग येण्यास एखादी वस्तू ४० मीटर उंचीवरून पडावी लागेल. म्हणूनच बटण बंद केले तरी ही जड चाके बराच वेळ फिरत राहतात आणि पट्टा कापतच राहतो.

आता पट्टा पाहू. चाकावर वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. ही वाढ जाडी भागिले व्यास या प्रमाणात असते. म्हणून पट्ट्याची जाडी व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावी, असा कारागिरांचा नियम आहे. आपल्या चाकाला ०.९ मि.मी.चा पट्टा चालेल. सहा मीटर लांबीचा पट्टा तासाभरात तीस हजारांहून अधिक वेळा वाकतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच जाड पट्टाही लवकर तुटतो.

चाकाच्या कडेवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट केला की ताण सव्वादोनपट! बिडाच्या चाकाचा कडेचा वेग सेकंदास सुमारे ३० मीटरपेक्षा जास्त नको, असा जुन्या अभियंत्यांचा संकेत होता. तेव्हा जास्त काम निघावे म्हणून मोटारीवर मोठी पुली बसवणे धोक्याचे आहे.

म्हणून सुताराने प्रथम पट्टा काढून प्रत्येक चाक लाकडी हातोडीने हलकेच वाजवावे. आवाज बद्द आला, तर यंत्र कितीही स्वस्त असो, सोडून द्यावे. बारीक चीर या परीक्षेत निसटू शकते. म्हणून जाणकाराकडूनही तपासून घ्यावे. मोटार बहुधा थ्री-फेजची असते, ती घरच्या सिंगल-फेजवर चालत नाही. जुन्या यंत्रांची चाके पुष्कळदा उघडी असतात, त्यांवर जाळी किंवा पत्रा बसवावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ फिरते भाग झाकण्यास सांगत असे. लाकूड चिरण्याची गिरणी काढायची असेल, तर वनखात्याचा परवानाही लागतो.

तुम्हीही एक गणित करा. पिठाची गिरणी बंद असताना तिच्या चाकाचा व्यास मोजा, मिनिटाचे फेरे गिरणीवाल्या काकांना विचारा आणि कडेचा वेग काढा. उत्तर पाहून सदऱ्याची सैल बाही चाकाजवळ का नेऊ नये, हे वेगळे सांगावे लागणार नाही.